धुराविना सिगारेट आणि सावध सरकारे

एखादी वस्तू घातक आहे हे सर्वांना ठाऊक असते, तिच्या वेष्टनावर तसे चित्रासह छापलेलेही असते, आणि तरीही ती नाक्यानाक्यावरच्या पानपट्टीत राजरोस मिळते. दुसरी एखादी वस्तू तिच्याहून पुष्कळ कमी घातक असल्याचे काही नामांकित वैद्यकसंस्था सांगतात, आणि तिच्यावर मात्र आपल्या देशात संपूर्ण बंदी असते. पहिली वस्तू सिगारेट, दुसरी इलेक्ट्रॉनिक सिगारेट. हा न्याय कोणत्या गावचा, असा प्रश्न तरुण मंडळी आम्हांस वारंवार विचारतात. विचारणाऱ्याच्या सुरात बहुधा असेही असते की सरकार एक तर अडाणी आहे, नाही तर सिगारेट-कंपन्यांच्या मुठीत आहे. या दोन्ही आरोपांत तथ्याचा अंशही नाही असे आम्ही म्हणणार नाही. तो प्रसंग पुढे येईलच. परंतु प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन या एकमेकांशी फारशा कशातच न जुळणाऱ्या राज्यांनीही या वस्तूच्या बाबतीत पाऊल जपून टाकले, काही वेळा टाकलेले पाऊल मागे घेतले आणि पुन्हा निराळ्या दिशेने टाकले. या सावधपणाचे मूळ कशात आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ, कारण आमच्या वाचकांपैकी अनेकांनी, विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांनी, ती पाहिलीही नसेल. विडी-सिगारेटीत तंबाखू जळतो. येथे काहीच जळत नाही. बोटाएवढ्या नळीत एक छोटी बॅटरी, तिच्यावर तापणारी तारेची वेटोळी आणि त्या तारेला भिजवणारा एक द्रव, एवढाच हा संसार. द्रवात ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल, आंबा-पुदिना-स्ट्रॉबेरी असा काही तरी स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. दम मारला की तार तापते, द्रवाचे बारीक तुषार होतात आणि ते छातीत उतरतात. काडी नको, राख नाही, बोटे पिवळी पडत नाहीत. हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या अमेरिकनाने अशा धुराविना सिगारेटीचे पेटंट १९६३ मध्येच मागितले होते, पण त्या काळी तिला कोणी विचारले नाही. आज जी वस्तू चालते ती होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये सिद्ध केली. तो स्वतः भारी धूम्रपानी होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. म्हणजे या वस्तूचा जन्म एका व्यसनी माणसाच्या सुटकेच्या धडपडीतून झाला. पुढे तिचे काय झाले हे वाचताना तेवढे ध्यानात ठेवलेले बरे.

वैद्यकशास्त्राला या नळीचे आकर्षण का वाटले, हे समजून घेणे अवघड नाही. सिगारेटची ओढ लावते ते निकोटिन. पण कर्करोग होतो तो प्रामुख्याने तंबाखू जळल्याने निर्माण होणाऱ्या डांबरातील द्रव्यांमुळे. मायकेल रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ मध्येच हा भेद ठळकपणे मांडला होता. मग निकोटिन द्यावे आणि डांबर वगळावे, म्हणजे निम्म्याहून अधिक लढाई जिंकली, असा तो युक्तिवाद. याच धोरणाने इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ मध्ये जाहीर केले की ई-सिगारेट ही सिगारेटहून सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक आहे. पुढच्याच वर्षी तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तिला अनुकूल असा सविस्तर अहवाल दिला. हे तेच कॉलेज, ज्याने १९६२ मध्ये सिगारेटविरुद्ध पहिला मोठा अहवाल प्रसिद्ध केला होता. तेव्हा त्याचे बोलणे तंबाखूवाल्यांचे बोलणे म्हणून उडवून देता येत नाही. २०१९ मध्ये इंग्लंडातील ८८६ धूम्रपानींवरील एका प्रयोगाचे फलित प्रसिद्ध झाले. निकोटिनच्या पट्ट्या, गम वगैरे घेणाऱ्यांपैकी वर्षाअखेर ९.९ टक्के लोक सिगारेटपासून दूर राहिले होते, तर ई-सिगारेट घेणाऱ्यांपैकी १८ टक्के. जवळजवळ दुप्पट! मात्र त्यातलीच एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. या दुसऱ्या गटात ज्यांची सिगारेट सुटली, त्यांतील बहुतेकांच्या हाती वर्षाअखेरही ई-सिगारेट होतीच. व्यसन सुटले की बदलले, हा प्रश्न तेथे उरलाच.

आणि त्या ९५ टक्क्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. हा आकडा कोणी प्रयोगशाळेत मोजून काढलेला नव्हता. मूठभर तज्ज्ञांनी एकत्र बसून निरनिराळ्या तंबाखूजन्य वस्तूंना हानीचे गुण दिले, त्यातून तो निघाला. आणि ‘लॅन्सेट’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाने त्यावर लगेच कडक टीका केली. दिशा म्हणून तो आकडा ठीक असेल, पण कायदा करणाऱ्याने त्यावर भार टाकावा असे त्याचे पाय नाहीत. कारण ज्या वस्तूचे वय अवघे वीस-बावीस वर्षांचे, तिचा चाळीस वर्षे वापर करणारा माणूस जगात कोठेच उपलब्ध नाही. तंबाखूचे रोग घाईने येत नाहीत. सिगारेट पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यात शिरली. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाशी तिचा संबंध दाखवला तो १९५० मध्ये. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा प्रसिद्ध अहवाल आला १९६४ मध्ये. मधल्या काळात एका संपूर्ण पिढीने सिगारेट ओढली होती.

शिवाय ‘कमी घातक’ हे शब्द सरकारांनी पूर्वीही ऐकलेले आहेत. १९५० नंतर कर्करोगाची भीती पसरताच सिगारेटला फिल्टर आले आणि त्यांची सुरक्षित म्हणून जाहिरात झाली. ‘केंट’ नावाच्या अमेरिकन सिगारेटचा १९५२ ते १९५६ या काळातील नामांकित फिल्टर ज्या द्रव्याचा होता, त्यात ॲस्बेस्टॉस होते. आणि तेही त्यातील अत्यंत घातक अशा निळ्या जातीचे. पुढे ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ सिगारेटी आल्या. यंत्राने मोजले तर त्यांत डांबर कमी भरे. पण माणूस म्हणजे यंत्र नव्हे, तो निकोटिन पुरे पडेपर्यंत अधिक खोल दम घेई, बोटांनी फिल्टरची भोके झाकी, दोन सिगारेटी जास्त ओढी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ मध्ये सर्व पुरावा तपासून सांगितले की या सौम्य सिगारेटींमुळे लोकांच्या आरोग्याचा काही फायदा झालेला दिसत नाही. २००६ मध्ये तेथील न्यायालयाने कंपन्यांनी जाणूनबुजून लोकांना फसविल्याचा निर्णय दिला. दुधाने तोंड पोळले म्हणजे माणूस ताकही फुंकून पितो. ई-सिगारेट हे ताक असेलही. पण फुंकर घालणाऱ्याला भित्रा म्हणणे योग्य नव्हे.

आता फुप्फुसाची गोष्ट. ई-सिगारेटच्या द्रवातील पदार्थ खाण्याच्या जिनसांत चालतात, सौंदर्यप्रसाधनांत चालतात, मग भय कसले, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. पण पोट आणि फुप्फुस यांच्या प्रकृतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पोटात आम्ल आहे, यकृताचा पहारा आहे. फुप्फुसाच्या पातळ पडद्याला असे काही संरक्षण नाही. याचा दाखला अमेरिकेने २०१९ मध्ये पाहिला. उन्हाळ्यात एकाएकी धडधाकट तरुण धाप लागून रुग्णालयात येऊ लागले. कित्येकांना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. शोध घेता बहुतेकांनी गांजातील मादक द्रव्य भरलेल्या, चोरट्या बाजारातील नळ्या ओढल्याचे निघाले. आणि त्या द्रवात मिसळलेले ‘ई’ जीवनसत्त्वाचे ॲसिटेट हे मुख्य संशयित ठरले. हे द्रव्य गोळीत गिळले किंवा त्वचेला चोळले तर निरुपद्रवी. छातीत गेले आणि जीव घेऊन बसले.

या प्रकरणाचा दोन्ही पक्षांनी आपापल्या परीने उपयोग केला. एक म्हणे, पाहा, ई-सिगारेट माणसे मारते. दुसरा म्हणे, मारले ते चोरट्या मालाने. अधिकृत नियमन असते तर हे घडलेच नसते. आम्हांस यातून तिसरीच गोष्ट दिसते. विडी म्हणजे विडीच. तिच्यात विडीचा तंबाखूच असतो. ही नळी मात्र रिकामे भांडे आहे. तिच्यात काय भराल ते ती छातीत पोचवील. सिंगापूरमध्ये अलीकडे हेच झाले. तेथे ई-सिगारेटवर आधीपासून बंदी असताना, शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्यासाठी वापरले जाणारे एटोमिडेट हे औषध नळ्यांत भरून तरुणांना विकले जाऊ लागले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारला त्या औषधाचा समावेश मादक द्रव्यांच्या यादीत करावा लागला. सरकार नियम करणार तो नळीचा, की द्रवाचा, की स्वादाचा? की तिघांचा?

येथे आपण कायद्याच्या अंगणात येतो, आणि सावधपणाचे सर्वांत कमी परिचित कारण येथेच सापडते. कोणतेही सरकार एखाद्या वस्तूला हात घालते तेव्हा आधी तिला कोणत्या तरी खान्यात बसवावे लागते. ती औषध आहे, अन्न आहे, तंबाखू आहे, की साधे विजेचे उपकरण? खाना चुकला तर न्यायालय एका फटक्यात सगळे रद्द करते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रारंभी ई-सिगारेटला औषध व औषधी उपकरण मानून आयात अडवली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१० मध्ये निकाल लागला की रोग बरा करण्याचा दावा नसेल तर ही वस्तू औषध म्हणून अडवता येणार नाही, तंबाखूजन्य म्हणूनच तिचे नियमन करावे. तसा नियम करण्यास २०१६ साल उजाडले. त्या सहा वर्षांत बाजार भरून वाहू लागला होता. पहिल्या ई-सिगारेटला रीतसर विक्रीची परवानगी मिळाली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये! तोपर्यंत हजारो प्रकारचा माल परवानगीवाचूनच विकला जात होता.

आपल्याकडील वाचकांना हा अनुभव अपरिचित वाटू नये. गुटख्याच्या बाबतीत आपण तो पाहिलेला आहे. महाराष्ट्र सरकारने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. हेतू निर्मळ होता, लोकांनी स्वागत केले. परंतु २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, कारण ज्या अन्नभेसळविरोधी कायद्याच्या आधारे ती घातली होती, त्यात राज्याच्या अधिकाऱ्याला तेवढा अधिकार नव्हता. पुढे अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला, त्याखालच्या २०११ च्या नियमांत खाद्यपदार्थांत तंबाखू व निकोटिन घालण्यास मनाई आली, आणि त्या आधारावर १ एप्रिल २०१२ पासून मध्य प्रदेशाने देशात प्रथम गुटखाबंदी अमलात आणली. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना हे स्मरत असेल. महाराष्ट्र त्यानंतर काही महिन्यांनी, आमचे कर्नाटक २०१३ मध्ये. आणि मग काय झाले? पुडीची दोन भावंडे झाली. एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. दुकानदार दोन्ही हातात ठेवतो आणि गिऱ्हाईक तळहातावर मिसळते. कायद्याच्या शब्दाला धक्का नाही, गुटख्यालाही नाही.

त्याआधीचे एक उदाहरण आमच्या घरांच्या अधिकच जवळचे आहे. मिशेरी आणि तपकीर दातांना लावण्याची चाल आपल्या मराठी घरांत, विशेषतः बायकांत, किती खोल रुजली होती हे निराळे सांगावयास नको. दंतमंजन म्हणून सुरू होई आणि दिवसातून पाच वेळा लागे. तंबाखूयुक्त दंतमंजने ‘आयुर्वेदिक’ शिक्क्याखाली विकली जात. १९९२ मध्ये केंद्र सरकारने दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी केली. कारखानदार न्यायालयात गेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. बंदी टिकण्यास पाच वर्षे लागली, आणि मिशेरी जाळणाऱ्या चुली तर कोणत्याही कायद्याच्या कक्षेत आल्याच नाहीत. तंबाखू नेहमी दुसऱ्याच कोणाचे तरी नाव सांगून घरात येतो. कधी दातांची निगा, कधी मुखशुद्धी, आणि आता व्यसनमुक्ती.

परंतु कोणत्याही राज्यकर्त्याच्या हाताला खरा कंप सुटतो तो मुलांच्या प्रश्नापाशी. कारण ही एकच नळी दोन अगदी भिन्न माणसांच्या हाती जाते. एक, तीस वर्षे सिगारेट ओढून छाती पोखरलेला पन्नाशीचा माणूस. त्याच्या हाती ती गेली आणि सिगारेट सुटली तर तो कदाचित दहा वर्षे अधिक जगेल. दुसरा, कधीच तंबाखूला न शिवलेला चौदा वर्षांचा मुलगा. त्याच्या हाती ती गेली तर केवळ तोटाच. कायदा सैल केला तर पहिला वाचतो आणि दुसरा अडकतो. आवळला तर उलट. जगातील कोणत्याही सरकारचे या वस्तूविषयीचे धोरण पाहा, ते या दोघांपैकी कोणाकडे पाहून आखले आहे हे लगेच कळते.

अमेरिकेत दुसऱ्याची गोष्ट फार वेगाने घडली. ‘जूल’ नावाची ई-सिगारेट तेथे २०१५ मध्ये आली. दिसायला संगणकाचा पेन-ड्राइव्ह, आणि आत निकोटिनचे असे क्षार की घशाला न खुपता ते भराभर रक्तात उतरावे. २०१७ मध्ये तेथील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील ११.७ टक्के मुले ई-सिगारेट ओढत होती. २०१८ मध्ये २०.८, २०१९ मध्ये २७.५. चार मुलांमागे एकाहून अधिक! डिसेंबर २०१८ मध्ये सर्जन जनरलने ही साथ असल्याचे जाहीर केले. आणि त्याच महिन्यात मार्लबरो सिगारेट विकणाऱ्या आल्ट्रिया कंपनीने १२.८ अब्ज डॉलर मोजून ‘जूल’ची ३५ टक्के भागीदारी घेतली. सिगारेट संपविण्यासाठी जन्मलेल्या वस्तूत सिगारेटवाल्यानेच एवढे द्रव्य ओतावे, याचा अर्थ लावण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. नंतर खटल्यांचा मारा झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये जूलने तीसहून अधिक राज्यांशी सुमारे ४४ कोटी डॉलरची तडजोड केली. खरेदीचे वय तेथे डिसेंबर २०१९ मध्येच २१ केले गेले होते. निर्बंध वाढले तसे प्रमाणही उतरले, आणि २०२४ मध्ये त्याच वर्गांत ते ७.८ टक्क्यांवर आले. म्हणजे उपाय चालतात. मात्र मधल्या वर्षांत ज्यांना लागायचे त्यांना लागून गेले होते.

इंग्लंडने पहिल्या माणसाकडे पाहिले. २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपानींना सिगारेटच्या बदल्यात ई-सिगारेटचा संच सरकारी खर्चाने देण्याची योजना तेथे जाहीर झाली. आज त्याच देशाला दुसऱ्या माणसाकडे मान वळवावी लागली आहे. एकदा वापरून फेकून देण्याच्या रंगीबेरंगी, गोड वासाच्या ई-सिगारेटी शाळकरी मुलांत इतक्या बोकाळल्या की १ जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली. ऑस्ट्रेलियाने मधला मार्ग काढला. जुलै २०२४ पासून ही वस्तू तेथे फक्त औषधांच्या दुकानात मिळते. मार्ग शहाणपणाचा दिसतो. पण चोरटा माल तेथेही थांबलेला नाही. चीनमध्ये सिगारेटचा सारा व्यापार सरकारी मक्तेदारीचा. त्या सरकारने ई-सिगारेटही त्याच मक्तेदारीच्या देखरेखीखाली आणली, २०२२ मध्ये फळांचे स्वाद बंद केले, वर कर बसविला, आणि कारखान्यांतून परदेशी जाणारा माल मात्र जाऊ दिला. जगातील बहुतेक ई-सिगारेटी तेथेच तयार होतात. असो.

मग आपल्या सरकारने कोणाकडे पाहिले? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये संपूर्ण बंदीची शिफारस केली, १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात संसदेने त्याचे कायद्यात रूपांतर केले. उत्पादन, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सर्वांवर बंदी. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. कर्नाटकासह काही राज्यांनी तत्पूर्वीच आपापल्या परीने मनाई केलेली होती. अध्यादेशाच्या दिवशी शेअर बाजारात सिगारेट-कंपन्यांचे भाव वधारले, आणि त्यांतील सर्वांत मोठ्या कंपनीत सरकारी आयुर्विमा महामंडळाचे भलेमोठे भांडवल आहे. आरंभी म्हटलेला तथ्याचा अंश तो हाच.

तरीही बंदीमागे निव्वळ सिगारेटवाल्यांचे हित होते असे म्हणणे आम्हांस पटत नाही, आणि त्याचे कारण निपाणीकडच्या माणसाला चटकन कळावे. २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. पण त्यांत सिगारेट ओढणारे केवळ ४ टक्के. विडी ओढणारे ७.७, आणि तंबाखू चघळणारे, मळणारे, दातांना लावणारे २१.४ टक्के. इंग्लंडमध्ये ई-सिगारेट ज्याला वाचवू शकते तो सिगारेट ओढणारा माणूस येथे तंबाखूच्या पसाऱ्याचा लहानसा कोपरा आहे. उसाच्या फडात विडी शिलगावणारा मजूर काही शेकड्यांची नळी घेऊन ती रोज विजेवर भारीत बसेल, हे संभवत नाही. आणि तंबाखू मळणाऱ्याला तर तिचा उपयोगच नाही. त्याच पाहणीत ई-सिगारेटचे नाव ऐकलेले प्रौढ अवघे ३ टक्के निघाले. ती आली असती तर विडीवाल्याकडे नव्हे, शहरी महाविद्यालयांत आली असती. म्हणजे आपल्याकडे पहिला माणूस जवळजवळ नव्हताच. होता तो दुसराच. म्हणून बंदीचा निर्णय येथे योग्य होता असे आमचे मत आहे, आणि इंग्लंडचा दाखला देऊन त्याला नावे ठेवणाऱ्यांनी आधी हे आकडे पाहावेत.

पण मग विडीचे काय? येथे मात्र सरकारच्या सावधपणाचा रंग बदलतो. निपाणीचा परिसर विडीच्या तंबाखूवर जगला. शेतात तो पिकवणारे, वखारींत तो निवडणाऱ्या-चाळणाऱ्या बायका, घरोघरी सुपात पाने घेऊन विड्या वळणाऱ्या हजारो माउल्या. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडविला आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी प्राणास मुकले. ज्या वस्तूच्या भावासाठी माणसे मेली, तिच्यावर बंदी घालण्याची भाषा कोणते सरकार करील? आणि केली तर त्या माउल्यांच्या सुपात दुसरे काय घालणार? ई-सिगारेटला येथे शेतकरी नव्हता, वखार नव्हती, मोर्चा नव्हता. म्हणून ती एका अध्यादेशात गेली. विडीकडे मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने निराळ्याच नजरेने पाहिले आणि तिच्यावरील दर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले. रोजगाराचा विचार समजण्यासारखा आहे. पण विडीचा धूर सिगारेटहून सौम्य नसतो, हे वैद्यकाने केव्हाच सिद्ध केलेले आहे. आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या मजुरीत त्या दहा टक्क्यांतले किती उतरेल, हे पाहावयाचे आहे. रोजगार राखावयाचा तर त्या बायकांना दुसरा उद्योग मिळवून देण्याच्या योजनेवर खर्च व्हावा. विडी स्वस्त करून होणारा उपकार शेवटी छातीच्या दवाखान्यात फेडावा लागतो.

बंदी झाली म्हणून माल थांबला असेही नाही. भूतानने २००४ मध्ये तंबाखूविक्री बंद केली आणि चोरट्या आयातीपुढे हात टेकून २०२१ मध्ये ती पुन्हा खुली केली, हे आपल्या शेजारचेच उदाहरण. आपल्याकडे शहरांतील काही दुकानांच्या मागल्या फळीवर आणि भ्रमणध्वनीवरील निरोपांतून ई-सिगारेट मिळते हे उघड गुपित आहे. केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये सर्वांना पुन्हा ताकीद दिली आणि जुलैत तक्रारींसाठी इंटरनेटवर स्वतंत्र सोय उघडली. शाळेजवळ शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा नियम २००३ च्या कायद्यापासून आहे. त्याची पाटी प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आहे, आणि टपरी बहुधा एकशे एकाव्या यार्डावर. पण ई-सिगारेटला टपरीच लागत नाही. आमच्या परिचयाच्या एका शाळेत नववीतील मुलाच्या कंपासपेटीत अशी वस्तू मिळाली, तेव्हा शिक्षकांनी ती हायलाइटर पेन समजून त्यालाच परत दिली होती. वर्गात कलिंगडाचा वास येतो, एवढीच काय ती तक्रार होती.

या कायद्यात एक तरतूद अशी आहे की जिचा पालकांना विसर पडतो. वस्तू बनविणारा, विकणारा, साठविणारा हे गुन्हेगार. केवळ ओढणाऱ्यास शिक्षा सांगितलेली नाही. मुलाच्या दप्तरात नळी सापडली तर अब्रूच्या भीतीने ती गुपचूप कचऱ्यात टाकण्याचे कारण नाही. ती कोणी विकली, पैसे कसे पोचते झाले, हे त्याच्याकडून शांतपणे काढून घ्यावे आणि जवळच्या ठाण्यात कळवावे. उपनिरीक्षक वा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यास झडती व जप्तीचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. ज्या मुलाला ओढ लागून गेली आहे त्याच्यासाठी जिल्हा रुग्णालयांत व्यसनमुक्तीचा सल्ला मिळतो. घरातील वडील माणूस सिगारेट सोडू पाहत असेल, तर निकोटिनचा गम औषधांच्या दुकानात आजही कायदेशीरपणे मिळतो. औषध म्हणून परवाना असलेल्या अशा वस्तूंना २०१९ चा कायदा लागू नाही. नळी ओळखावयाची ती वासाने: बंद खोलीत फळांच्या गोळ्यांसारखा गोड दरवळ आणि टेबलावर पेन-ड्राइव्हसारखे काही तरी, ज्याला एका टोकाशी ओठांना बसेल अशी चपटी चीर असते.